एकोणीस अक्षरे आणि दगडाची धूळ

इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द कोणता, या प्रश्नाचे ठरीव उत्तर म्हणून 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस' हा शब्द सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आणि पाठांतराच्या स्पर्धांतून कित्येक दशके फिरतो आहे. रोमन लिपीत त्याचे 45 वर्ण होतात आणि उच्चारात 19 अक्षरे. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा विकार, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हा शब्द न अडखळता म्हणून दाखवणाऱ्या मुलाचे कौतुक होते, आणि ते व्हायलाही हरकत नाही. मात्र शब्दाची अक्षरे पाडण्याच्या रीतींना स्वतःचा इतिहास असतो. या शब्दालाही तो आहे. हे दोन इतिहास शेजारी ठेवले, की उच्चाराच्या कसरतीत नेमके काय नजरेआड होते, ते दिसू लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम शब्दाचा जन्म पाहू. हा शब्द कोणा वैद्याच्या लेखणीतून उतरलेला नाही. अमेरिकेतील 'नॅशनल पझलर्स लीग' या कूटप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो रचला. फेब्रुवारी 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात संस्थेचे 103 वे अधिवेशन भरले. तेथे हा शब्द इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द म्हणून मान्य करण्यात आला, आणि त्याआधी त्या मानावर असलेला 'इलेक्ट्रोफोटोमायक्रोग्राफिकली' हा शब्द पदच्युत झाला. 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'ने 23 फेब्रुवारीच्या अंकात ही बातमी छापली. 1939 साली वेबस्टरच्या बृहत्कोशाच्या पुरवणीत तो दाखल झाला. पुढे ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याची नोंद घेतली, परंतु हा मुद्दाम घडवलेला शब्द आहे अशी खूण करूनच. वैद्यकाचे ग्रंथ आणि रुग्णालयांची कागदपत्रे यांत त्या रोगाला 'सिलिकोसिस' एवढेच म्हणतात.

शब्द कृत्रिम असला तरी त्याचे घटक खोटे नाहीत. 'न्यूमोन' म्हणजे ग्रीकमध्ये फुप्फुस, 'अल्ट्रा' म्हणजे लॅटिनमध्ये पलीकडचे. 'मायक्रो' आणि 'स्कॉप' हे ग्रीक घटक लहान आणि पाहणे या अर्थांचे आहेत. 'सिलिको' हा घटक गारगोटीवाचक लॅटिन शब्दावरून आला. 'व्हॉल्केनो'च्या मुळाशी रोमन अग्निदेव आहे. 'कोनिस' म्हणजे ग्रीकमध्ये धूळ, आणि 'ओसिस' हा विकारवाचक प्रत्यय. त्यांपैकी फुप्फुस, धूळ आणि विकार हे तीन घटक जोडून जर्मन विकृतिशास्त्रज्ञ त्सेंकर याने 1860 च्या दशकातच 'न्यूमोनोकोनिओसिस' हा शब्द प्रचारात आणला होता. पुढे 1870 च्या सुमारास इटलीत व्हिस्कोंती याने 'सिलिकोसिस' हे नाव दिले. कूटकारांनी या दोन खऱ्या शब्दांच्या मध्ये सूक्ष्मता आणि ज्वालामुखी यांची भर घातली. संस्कृतच्या वाचकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही. समासांचे बाहुल्य हा दंडीने ओजोगुण मानला, आणि बाणाच्या गद्यात त्याची परिसीमा झाली. ग्रीकांमध्येही इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभी अ‍ॅरिस्टोफेनिसने आपल्या सुखात्मिकेत अनेक ओळी व्यापणारे एका पक्वान्नाचे नाव रचून प्रेक्षकांना हसवले होते. आपल्या या शब्दाचेही फुप्फुसातिसूक्ष्मसैकताग्निगिरिधूलिविकार असे काहीसे संस्कृत रूप करता येईल. ते ऐकताना आपण हसू, पण अर्थ मात्र इंग्रजी रूपापेक्षा लवकर कळेल.

आता अक्षरांकडे वळू. 'अक्षर' ही संज्ञा मराठीत दोन अर्थांनी वापरली जाते. लिपीतील एक आकृती हा एक अर्थ, आणि एका स्वराभोवती जमलेला उच्चाराचा एक घटक हा दुसरा. भाषाशास्त्राला आणि छंदःशास्त्राला दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. प्रातिशाख्यकारांनी या दुसऱ्या अक्षराची चिकित्सा फार पूर्वी केली. स्वर हाच अक्षराचा प्राण, व्यंजन कोणत्या तरी स्वराचे अंग होऊन राहते. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते, जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागच्या स्वराला लागते, आणि शब्दाच्या शेवटी उरलेले व्यंजनही मागच्या स्वराचे होते. ही व्यवस्था पाठशुद्धीसाठी होती. वेद मुखाने टिकवायचे होते, आणि कोणते व्यंजन कोणत्या स्वराचे यावर मात्रा आणि स्वराघात अवलंबून होते.

इंग्रजीत हा प्रश्न शाळेच्या पुस्तकांतून पुढे आला. अठराव्या शतकात थॉमस डिलवर्थ याचे 1740 सालचे पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत वापरात होते. त्याची पद्धत 'क्ल-स्टर', 'हॅ-बिट' अशी, म्हणजे व्यंजने पुढच्या स्वराकडे ढकलणारी होती. 1783 साली नोहा वेबस्टरने आपले वर्णपाठाचे पुस्तक काढले, तेव्हा त्याने 'क्लस-टर', 'हॅब-इट' अशी फोड स्वीकारली. ऱ्हस्व स्वराला व्यंजनाने बंद केले, तरच मूल तो ऱ्हस्व म्हणून उच्चारील, असा त्यामागील तर्क होता. आजही अमेरिकी कोशांत आपल्या शब्दाची फोड करताना 'स्कॉप-इक' अशी रेषा पडते, ती वेबस्टरच्या या निर्णयाची वारसदार आहे. मराठी तोंडाला मात्र 'स्कॉ-पिक' हीच फोड सहज वाटते, आणि ती प्रातिशाख्यांच्या नियमाला धरून आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. कोशातील ठिपके आणि आडव्या रेषा यांना ध्वनीचे अंतिम सत्य समजणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे अवश्य सांगावे, की त्या रेषांमागे ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा ही मुद्रकाची सोयही उभी असते.

मराठी पद्धतीने संपूर्ण शब्दाची फोड अशी होईल: न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय्-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्. ही एकोणीस अक्षरे झाली. लिहिलेल्या आकृत्या मोजल्या तर त्या बावीस भरतात, कारण 'माय', 'पिक' आणि 'सिस' यांतील अंत्य व्यंजने आपण पूर्ण लिहितो आणि पाय मोडल्यासारखी उच्चारतो. लेखन आणि उच्चार यांतले मराठीचे नेहमीचे अंतर येथेही दिसते. आघाताच्या दृष्टीने पाहिले, तर इंग्रजीत मुख्य आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'ओ'वर पडतो. 'कोनि'तील 'को'वर दुय्यम आघात राहतो. आरंभीचा 'प' लिहिला जातो, पण इंग्रजी उच्चारात गळतो. फ्रेंच आणि जर्मन बोलणारे तो अजूनही उच्चारतात. मराठीने 'न्यूमोनिया' हा शब्द इंग्रजीच्या तोंडून घेतला, म्हणून आपल्याकडे तो 'प' कधी पोचलाच नाही.

एकोणीस हा आकडा वृत्तांच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणात एकोणीसच अक्षरे असतात आणि यती बाराव्या अक्षरावर येतो. आपल्या शब्दाचे बारावे अक्षर 'सिलिको'तील 'को' हे आहे. तेथे एक घटक पुरा होतो, आणि उरलेली सात अक्षरे 'व्हॉल्केनोकोनिओसिस' हा सलग भाग बनवतात. म्हणजे यतीची जागा तंतोतंत जुळते. गण लावून पाहिले, तर पहिला 'म' जुळतो ('न्यूमोनो', तीन गुरू) आणि चौथा 'स' जुळतो ('सिलिको', दोन लघू व एक गुरू). मधले 'स' आणि 'ज' मात्र 'अल्ट्रामाय्' आणि 'क्रोस्कॉपिक्' यांच्या सलग सहा गुरूंखाली दबून जातात. यतीनंतरचे दोन्ही 'त'गणही टिकत नाहीत, केवळ शेवटचा गुरू आपल्या जागी राहतो. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. वर्गात लघुगुरू शिकवताना मात्र त्याचा उपयोग व्हावा. अक्षरे मोजणे आणि अक्षरे तोलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारे उदाहरण सहसा हाती लागत नाही.

येथवर आपण ध्वनीची फोड केली. परंतु आपल्या परंपरेत आणखी एक फोड आहे, ती पदपाठाची. संहितेत सलग वाहणारा मंत्र पदपाठकार पदापदांत विलग करतो, समासाचे घटक अवग्रहाने दाखवतो, आणि त्यामुळे अर्थाची वाट मोकळी होते. अक्षरांच्या सीमा आणि अर्थघटकांच्या सीमा एकच नसतात. 'को-नि-ओ-सिस्' असे म्हणताना ऐकणाऱ्याला चार सारखे तुकडे ऐकू येतात. धूळ कोठे संपली आणि विकार कोठे सुरू झाला, हे त्यातून समजत नाही. पाठांतराच्या स्पर्धेत हा शब्द नेहमी पहिल्या पद्धतीने तोडला जातो. जीभ जिंकते आणि शब्द अर्थावाचून पार पडतो. त्याचा पदपाठ करायचा, तर 'धूळ' या पदाशी थांबावे लागते. ती कोणाच्या फुप्फुसात, कोणत्या दगडातून आणि कोणाच्या आज्ञेने गेली, हे प्रश्न तेथूनच सुरू होतात.

न्यूयॉर्कमध्ये कूटप्रेमींचे अधिवेशन भरले त्याच हिवाळ्यात अमेरिकेत सिलिकोसिस हा शब्द एका वेगळ्याच कारणाने छापला जात होता. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली ब्रिज या गावाजवळ, न्यू नदीचे पाणी वळवून वीज निर्माण करण्यासाठी 1930 मध्ये डोंगरातून सुमारे 5 किलोमीटर लांबीचा बोगदा खणण्यास आरंभ झाला. तो हॉक्स नेस्ट बोगदा म्हणून ओळखला जातो. मंदीचे दिवस होते. काम शोधत दक्षिणेकडून आलेले मजूर मोठ्या संख्येने तेथे लागले, आणि बोगद्याच्या आत काम करणाऱ्यांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. खडकात सिलिकाचे प्रमाण अतिशय जास्त होते, इतके की निघालेला दगड धातूच्या कारखान्यात कच्चा माल म्हणून उपयोगी पडला. पाणी सोडत भोके पाडली तर धूळ बसते, हे तोवर सर्वज्ञात होते. 1930 सालीच जोहान्सबर्ग येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पुढाकाराने सिलिकोसिसवर परिषद भरली होती. बोगद्यात मात्र कोरडेच खणले गेले, कारण त्यात वेळ वाचतो.

सिलिकोसिस एरवी दहा-वीस वर्षांच्या कामानंतर जाणवतो. श्वासाबरोबर खोल गेलेले सिलिकाचे कण फुप्फुसातील भक्षक पेशी गिळतात, त्या पेशी मरतात, आणि त्या जागी व्रणासारखे ताठर तंतू तयार होत जातात. एकदा झालेली ही हानी भरून येत नाही, आणि क्षयाला वाट मोकळी होते. हॉक्स नेस्टमध्ये धूळ इतकी दाट होती, की माणसे काही महिन्यांतच खालावली. मृत्यूच्या नोंदींत पुष्कळदा 'न्यूमोनिया' असे लिहिले गेले. जानेवारी 1935 मध्ये 'न्यू मासेस' या डाव्या विचारांच्या नियतकालिकाने या प्रकरणावर लेख छापला. जानेवारी 1936 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. पुढे मार्टिन चेर्नियाक या वैद्याने 1986 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मृतांची संख्या किमान 764 असावी असा अंदाज मांडला.

एका महिन्याच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. कूटकारांना दोष देण्याचेही कारण नाही, कारण शब्दांशी खेळणे हा निरागस छंद आहे. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. खेळातल्या शब्दाने धुळीचे उगमस्थान ज्वालामुखी ठरवले. ज्वालामुखीला मालक नसतो, ठेकेदार नसतो, त्याच्यावर खटला चालत नाही. मृत्यूच्या दाखल्यांवरील 'न्यूमोनिया'नेही हेच काम दुसऱ्या टोकाने केले. तेथे शब्दाचा पहिला घटक, फुप्फुस, तेवढा राहिला आणि धूळ गळून पडली. एका नावात धूळ आहे पण ती निसर्गाची, दुसऱ्यात धूळच नाही. 'सिलिकोसिस' हा चार-पाच अक्षरांचा शब्द कामगारांना आणि त्यांच्या विधवांना इतका महत्त्वाचा का वाटत होता, हे यावरून समजते. दाखल्यावर तो शब्द असणे किंवा नसणे यावर भरपाई अवलंबून होती. रोगाच्या नावाची अक्षरे पाडणे हा तेथे उच्चाराचा प्रश्न राहिला नव्हता.

साहित्याने या प्रकरणाची दखल घेतली, ती कवितेतून. म्युरिएल रुकायझर ही तरुण कवयित्री 1936 मध्ये गॉली ब्रिजला गेली, आणि 1938 साली आलेल्या तिच्या संग्रहात 'द बुक ऑफ द डेड' ही दीर्घ कवितामालिका समाविष्ट झाली. सुनावणीतील साक्षी, वैद्यांचे जबाब आणि कंपनीची कागदपत्रे तिने कवितेच्या ओळींत आणली. वैद्यकीय परिभाषा कवितेत आली की ती बोजड होते, असा एक समज आपल्या समीक्षेत आहे. रुकायझरच्या रचनेत ती परिभाषा पुरावा म्हणून येते, आणि साक्षीदाराच्या साध्या बोलण्याशेजारी ठेवल्यामुळे तिचा बोजा वाचकाला जाणवतो तो नैतिक अंगाने. अवघड शब्दाला त्याचा अर्थ परत मिळवून देण्याचा हा एक मार्ग आहे.

या धुळीचा मराठी अक्षरओळखीशी असलेला संबंधही नोंदवला पाहिजे. आपल्या कित्येक पिढ्यांनी पहिले 'अ' पाटीवर पेन्सिलीने गिरवले. या पाटीच्या पेन्सिलींचे एक मोठे उत्पादनकेंद्र मध्य प्रदेशातील मंदसौर परिसरात होते. पाटीच्या दगडाच्या लाद्या यंत्राच्या करवतीवर कापून पेन्सिली काढल्या जात, आणि त्या कामात उडणारी धूळ सिलिकायुक्त असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या पाहण्यांतून तेथील कामगारांमध्ये सिलिकोसिसचे प्रमाण फार मोठे असल्याचे पुढे आले. 1982 साली मध्य प्रदेशाने स्लेट पेन्सिल कामगारांच्या कल्याणनिधीसाठी स्वतंत्र कायदाही केला. अक्षर गिरवणाऱ्या मुलाच्या बोटांवर पांढरट भुकटी येई ती पुसली जात असे. पेन्सिल कापणाऱ्याच्या फुप्फुसातली तशी पुसता येत नव्हती. आपल्या साक्षरतेच्या इतिहासात पाठ्यपुस्तकांचे, शाळांचे, सुधारकांचे उल्लेख असतात. त्यात मंदसौरचा उल्लेख क्वचितच आढळतो.

हा रोग भूतकाळात जमा झालेला नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता, तरीही दगडखाणी, दगडफोड आणि घडणकाम यांत तो चालूच राहिला. राजस्थानने 2019 मध्ये जे धोरण आखले त्याच्या नावातच 'न्यूमोकोनिओसिस' हा शब्द आहे. पाषाण घडवणाऱ्या आणि खाणीत राबणाऱ्या माणसाला मदत मिळण्यासाठी त्या रोगाचे प्रमाणपत्र लागते. ऑस्ट्रेलियाने स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर 1 जुलै 2024 पासून बंदी घातली, तीही तो कापणाऱ्या कामगारांत सिलिकोसिस वाढल्यामुळे.

तेव्हा लांब शब्द वर्गात जरूर म्हणून घ्यावा. त्याची अक्षरे पाडावीत, लघुगुरू लावावेत, यती बाराव्या अक्षरावर कसा येतो तेही दाखवावे. मुलांना त्यात आनंद वाटेल आणि ध्वनिविचाराचा पाया पक्का होईल. त्यानंतर मात्र एकदा त्याचा पदपाठ करावा आणि 'कोनि' या दोन अक्षरांपाशी वर्गाला थोडे थांबवावे. इंग्रजी उच्चारात त्यांच्यावर मुख्य आघात पडत नाही. तो अर्थाच्या वाचनात पडला पाहिजे.